माळ्यावरचं रॉक मशीन

गेल्या दिवाळीत चार दिवस सुट्टी टाकून तिरोड्याला गेलो होतो. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलात तर अख्खा एक दिवस गाडीतच जातो, त्यामुळे चार दिवसांतले हातात उरतात दोन. त्यातला एक मामाने माळा साफ करण्यात घालवला. (माझं घर आणि आजोळ दोन्ही तिरोड्यातच, त्यामुळे सुटका नाही. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो खरा, पण माळ्यावर चढवायला कमी करत नाही.)

माळ्यावर काय असतं? तुटका पाळणा, राईस मिलच्या जुन्या वह्या, पितळी हंडे आणि उंदरांनी चाखलेले दिवाळी अंक. सगळ्यात मागे एक पत्र्याची ट्रंक होती. वर पांढऱ्या ऑइल पेंटने मामाचं नाव, आणि खाली 'मु. पो. तिरोडा, जि. भंडारा'. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 ला. म्हणजे ट्रंक त्याआधीची. आत दोन शर्ट, एक फुटलेला वॉकमन आणि अकरा कॅसेटी. मला वाटलं किशोरकुमार असेल, फार तर जगजित सिंग.

पहिलीच कॅसेट हातात आली ती रॉक मशीन या बॅंडची, 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1988. दुसरी घरी भरलेली, नव्वद मिनिटांची. तिच्या कार्डावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं : किक्स, व्हिक्सन, लाउडनेस.

मी दहा सेकंद ट्रंकेकडे आणि दहा सेकंद मामाकडे पाहिलं. मामा म्हणजे पांढरा सदरा, खिशात तंबाखूची डबी आणि धानाच्या भावाशिवाय दुसरा विषय नाही. "हे तुमचं आहे?" मामा म्हणाला, "मंग कोणाचं असन बे?" आणि खाली चहा प्यायला निघून गेला.

तर मंडळी, हा लेख त्या दोन कॅसेटींबद्दल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लॅम मेटल म्हणजे 1983 ते 1991 या काळातली, मुख्यतः लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरून निघालेली एक रॉकची तऱ्हा. गिटार हेवी मेटलची, पण कोरस असा की अख्ख्या स्टेडियमला पहिल्याच फटक्यात म्हणता यावा. केस फुगवलेले, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, आणि अंगात कधी बायकांचे ब्लाउज. हे सगळे पुरुष बरं का. नोव्हेंबर 1983 मध्ये क्वाएट रायटचा 'मेटल हेल्थ' बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तिथे पोचलेला हा पहिला हेवी मेटल अल्बम मानतात. त्यातलं गाजलेलं गाणंही त्यांचं स्वतःचं नव्हतं, 1973 सालच्या स्लेड या इंग्लिश ग्लॅम बॅंडचं होतं. मग मॉट्ली क्रू, पॉयझन, बॉन जोवी.. ही नावं आपल्याला माहीत असतात.

पुण्यातल्या मित्रांना हे फोटो दाखवले की ते खो खो हसतात. मला त्यात फार विचित्र काही वाटत नाही. आम्ही झाडीपट्टीतली माणसं. खडी गंमतीत लुगडं नेसून, पावडर फासून नाचणारा पुरुष आम्ही लहानपणापासून बघतो आणि सकाळी तोच माणूस धुऱ्यावर नांगर घेऊन जाताना दिसतो. रात्रभर पेट्रोमॅक्स नाहीतर हॅलोजनच्या उजेडात भडक रंग लावून, आवाज चढवून, समोरच्या हजार लोकांना जागं ठेवायचं, हा धंदा आमच्या ओळखीचा आहे. फरक इतकाच की आमच्याकडे झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ग्लॅमवाल्यांच्या वाट्याला शेवटी नुसती टिंगल आली.

असो. आधी कॅसेट वाजवायची कशी हा प्रश्न होता.

घरातला टेपरेकॉर्डर मेला होता. गोंदियात एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे एक डेक मिळाला. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो बदलला. हेडवर तपकिरी थर, तो कापसाने आणि स्पिरिटने पुसला. घरी भरलेल्या कॅसेटमधली टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी फेल्टची गादी गळून पडली होती, त्यामुळे आवाज पाण्याखालून आल्यासारखा. दुसऱ्या एका भजनाच्या कॅसेटमधून गादी काढून इथे चिकटवली. (भजनाच्या कॅसेटची माफी मागितली.) टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, म्हणजे 45 मिनिटांच्या एका बाजूला साधारण 128 मीटर पट्टी. पस्तीस उन्हाळे तिरोड्याच्या कौलाखाली काढलेली 128 मीटर पट्टी न तुटता सरकते की नाही हे बघत मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो. प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताना इतकी धाकधूक होत नाही.

ती सरकली. एका बाजूला अर्धं किक्स आणि अर्धं व्हिक्सन, दुसऱ्या बाजूला लाउडनेस.

हे तिन्ही बॅंड मला नावानेही धड माहीत नव्हते, आणि आता तीन महिने हापिसात तेच ऐकतोय. किक्स हे मेरीलंड राज्यातल्या हॅगर्सटाउनचे. लॉस एंजेलिसपासून अख्खा खंड ओलांडून दुसऱ्या टोकाला असलेलं आडबाजूचं गाव. 'ब्लो माय फ्यूज' हा अल्बम 1988 चा. त्यातलं आत्महत्येच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून गायलेलं एक संथ गाणं पुढच्या वर्षी गाजलं. त्याआधी आणि त्यानंतर ते वर्षानुवर्षं क्लबांमधून वाजवत राहिले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मेरीलंडमध्येच शेवटचा कार्यक्रम करून थांबले. म्हणजे आपल्या गावाकडच्याच लोकांसमोर. मला हे फार आवडलं.

व्हिक्सन हा चार बायकांचा बॅंड. गिटारवादक जॅन कुनमंडने तो मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये सुरू केला. ग्लॅमच्या व्हिडिओंमध्ये बाई ही बहुतेक वेळा गाडीच्या बॉनेटवर पसरलेली असते. हे आज बघवत नाही, आणि 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही. अशा जमान्यात या चौघी स्वतः गिटार घेऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांचं 1988 चं सगळ्यात गाजलेलं गाणं रिचर्ड मार्क्स आणि फी वेबिल या दोन पुरुषांनी लिहिलेलं होतं, आणि त्यावरून टोमणेही मारले गेले. क्वाएट रायटने उसनं गाणं गायलं तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. जॅन 2013 मध्ये कॅन्सरने गेली.

आणि लाउडनेस जपानच्या ओसाकाचे! 1981 पासूनचे. अकिरा ताकासाकी नावाचा माणूस गिटार अशी वाजवतो की मी दोनदा टेपचा वेग तपासला. 1985 चा 'थंडर इन द ईस्ट' अमेरिकेत बिलबोर्डच्या पहिल्या शंभरात गेला. आशियातल्या एका बॅंडने अमेरिकेच्या अंगणात जाऊन त्यांचाच खेळ खेळून दाखवला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुख्य गोष्ट. रॉक मशीन.

मी लहानपणापासून ऐकत आलो की भारतात रॉक म्हणजे नव्वदनंतरचं प्रकरण, केबल आल्यावरचं. ते साफ खोटं आहे. मुंबईत साठच्या दशकापासून बीट ग्रुप होते. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेच्या 1970 आणि 71 च्या रेकॉर्डी आज जगभरचे संग्राहक शोधत फिरतात. सिद्धार्थ भाटियांचं 'इंडिया सायकेडेलिक' हे 2014 चं पुस्तक याच पिढीवर आहे. त्यानंतरची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली पिढी मात्र मधल्यामध्ये पडली. सायकेडेलिक म्हटलं की कलेचा दर्जा मिळतो. फुगवलेल्या केसांना कोण दर्जा देणार?

रॉक मशीन मुंबईत 1984 मध्ये सुरू झालं. मधे माणसं बदलली, पण लोकांच्या लक्षात राहिलेली फळी म्हणजे गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर आधी मार्क मेनेझिस आणि मग बॉबी दुग्गल. नुसती आडनावं वाचा. बेनेगल, तिनईकर, गांधी, सेल्विन, बालापोरिया.. मुंबईच्या लोकलचा एक डबाच जणू. काटेकोर बोलायचं तर ते शुद्ध ग्लॅम नव्हेत, ग्लॅमच्या कुंपणाला टेकलेलं हार्ड रॉक म्हणा. पण ते मोठाले कोरस आणि ती आरोळी मारणारी गिटार त्याच घरची.

त्या काळी हे करणं म्हणजे काय होतं याचा जरा विचार करा. परदेशी गिटार आणायची तर जकात किमतीपेक्षा जास्त. बहुतेक पोरं कोलकात्याच्या गिवसनवर शिकायची. (हो, गिवसन. एका अक्षराने गिब्सन हुकलेली.) टीव्ही म्हणजे दूरदर्शन. लोकांना ऐकायची असायची परदेशी गाणी, जशीच्या तशी. स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओरडा व्हायचा. रॉक मशीननेही सुरुवात दुसऱ्यांची गाणी वाजवूनच केली. पण 1988 मध्ये त्यांनी फक्त स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि 1990 मध्ये दुसरा, 'द सेकंड कमिंग'. आज हे किरकोळ वाटतं कारण आपण खोलीत बसून लॅपटॉपवर अल्बम करतो. तेव्हा कंपनी, स्टुडिओ, कॅसेट आणि दुकान या चारही दारांतून जायला लागायचं.

आणि वाजवायचं कुठे? धोबी तलावला, सेंट झेवियर्सच्या मागे, रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. 1978 मध्ये पहिली जॅझ यात्रा तिथेच झाली. 1986 मध्ये मिराज बॅंडच्या फरहाद वाडियाने स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं, म्हणजेच आय-रॉक. पुढे रंगभवन हेच त्याचं घर झालं. देशभरचे बॅंड आणि काळ्या टी-शर्टातली पोरं.

चहानंतर मामाला विचारलं तेव्हा कळलं की तो 87 ते 91 मुंबईत हॉस्टेलला होता आणि या चार वर्षांत तीन वेळा आय-रॉकला गेला होता. "पाऊस होता एकदा. सगळे वल्ले. आमी मागं उभे. समोरचे पोट्टे विंग्रजीत शिव्या देत. मले तं शिव्याच समजत नोहत्या, गाने काय समजन?" मग का जायचात? मामा जरा थांबला. "त्या आवाजात कोणी विचारे नाही ना, तू कुठचा म्हून."

हे मला लागलं. कारण मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा डोक्यात एक तयार टीका होती : हे दक्षिण मुंबईच्या इंग्रजी पोरांचं नकली अमेरिकन संगीत, याचा आमच्याशी संबंध काय? टीका अगदीच चुकीची नाही. ती गाणी इंग्रजीत आहेत आणि त्यातले हमरस्ते, त्यातली बंडखोरी बरीचशी आयात केलेली आहे. मुंबईत वाढून मुंबई त्या गाण्यांत फारशी नाही. मराठीत असं काही कोणी का केलं नाही, हा माझा रागही खरा आहे. पण नक्कल म्हणून निकालात काढायचं तर लाउडनेसचंही तेच करावं लागेल. आणि मग 1880 मध्ये पारशी रंगभूमीचा थाट पाहून 'संगीत शाकुंतल' उभं करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं काय करायचं? नवी गोष्ट शिकताना माणूस आधी दुसऱ्याचं अक्षर गिरवतोच. प्रश्न असतो तो गिरवून झाल्यावर पुढचं पान लिहायला वेळ मिळतो का, याचा.

रॉक मशीनला तो अर्धाच मिळाला. 24 सप्टेंबर 1991 ला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. ग्लॅम एका रात्रीत मेलं अशी कथा सांगतात, ती थोडी अतिरंजित आहे. जानेवारी 1992 च्या अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये हेवी मेटलमधला सर्वोत्तम नवा कलाकार हा पुरस्कार फायरहाउस या ग्लॅम बॅंडला मिळाला. हरलेली दोन नावं होती ॲलिस इन चेन्स आणि निर्वाणा! पण दोनेक वर्षांत कंपन्यांनी केसवाल्यांचे फोन उचलणं बंद केलं हे खरं. इकडे 1991 मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं. 1993 मध्ये रॉक मशीनने नाव बदलून इंडस क्रीड केलं, सूर भारतीय केला, आणि त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये एमटीव्ही एशियाचा प्रेक्षक पसंती पुरस्कार मिळाला. 1995 ला नव्या नावाचा अल्बम. 1997 ला बॅंड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आल्म्स फॉर शांती' केलं.

2010 मध्ये ते परत जमले आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. गंमत बघा, तो मिक्स केला टिम पामरने. याच माणसाने 1991 मध्ये पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता, म्हणजे ग्लॅमच्या शवपेटीवरचा दुसरा खिळा. 'इव्हॉल्व्ह' चांगला आहे, मोठ्या माणसांचं संगीत आहे. पण मला खरं सांगायचं तर 88 ची कॅसेट जास्त आवडते. तिच्यात लाज नाही.

रंगभवनचं काय झालं? रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. धोबी तलावला या गोष्टींची कमतरता नाही. 2003 च्या सुमाराला तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा नाही, बाजूला पेशंट झोपलेले असतात. पण बदली जागा कोणी दिली नाही. आय-रॉक इकडेतिकडे फिरलं, मधे काही वर्षं थांबलं, 2022 ला पुन्हा झालं.

ग्लॅमचा खरा आसरा निघाला ईशान्य भारत. जगाने टाकून दिलेलं फायरहाउस 2004 मध्ये तिकडे वाजवून आलं, आणि सिक्कीमच्या गंगटोकमधून 2009 मध्ये 'गिरीश अँड द क्रॉनिकल्स' निघाले. गिरीश प्रधानचा आवाज ऐका, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. त्यांचा 2022 चा 'हेल टू द हीरोज' इटलीच्या फ्रंटियर्सने काढला. त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायचं आहे.

आता राहिली रॉक मशीनच्या कॅसेटची बी साइड.

ए साइड पूर्ण उतरवली. बी साइड लावली, पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं आणि अर्ध्यात खाट् करून तुटलं. मग कोंबडा, भांड्याचा आवाज, आणि एक बाई गातेय. जात्यावरची ओवी, झाडीबोलीत, मधेच खोकला. विकत घेतलेल्या कॅसेटच्या मागच्या खाचा मोडलेल्या असतात, म्हणजे तिच्यावर चुकून भरता येत नाही. मी कॅसेट काढून पाहिली. दोन्ही खाचांवर चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली. कोणीतरी मुद्दाम भरलं होतं.

खरं सांगतो, मला आधी राग आला. तीन महिने शोधतोय ती चार गाणी गेली म्हणून. मग आवाज ओळखला. आजी. मी शाळेत असताना गेली ती.

मामाला हेडफोन दिला. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "91 ले बाबा पडले, मले वापस बोलावलं. मिल कोन पायन? गिटार तिकडंच इकून आलो. ते कॅसेटी आनल्या फक्त. मंग एक दिवस आई दळत होती, गात होती. चक्की आली होती गावात, जातं निघनारच होतं. घरात कोरी कॅसेट नोहती."

मी विचारलं, मग हीच का? अकरा होत्या की. व्हिक्सनवाली घ्यायची, ती तर घरीच भरलेली होती.

मामा म्हणाला, "ते दुसऱ्याची होती ना बे. वापस द्याची होती." आणि हसला. छत्तीस वर्षं झाली, दिलेली नाही.

बी साइडचा उरलेला भाग 23 मिनिटांचा आहे, त्यात एकोणीस ओव्या आहेत. मी त्या लिहून काढतोय, पण सात-आठ शब्द मलाही कळत नाहीत, आणि मामाही दोन ठिकाणी अडला. झाडीबोली जाणणारं कोणी असेल तर मदत हवी आहे. दोन्ही बाजू आता तीन डिस्कवर ठेवल्यात, एक पुण्यात आणि दोन तिरोड्यात. मामाने गाडीसाठी पेन ड्राइव्हवर भरून घेतलं आहे, आधी आजी आणि नंतर रॉक मशीन. मधे थांबायला नको म्हणाला.